याप्केला न दिसलेले एकतीस गोल

हिस्काने गावच्या फुटबॉल संघाकडून चार मोसमांत एकतीस गोल मारले होते आणि तिच्या आईने, याप्केने, त्यातला एकही पाहिला नव्हता. ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई मैदानाकडे फिरकतच नसेल. छे! याप्के मैदानावर इतकी असायची की तिथलं गवतसुद्धा तिला नावाने ओळखत असेल. घोटाळा तिथेच होता.

पहिला गोल झाला तेव्हा ती कँटीनमध्ये क्रोकेट नावाचे वडे तळत होती. दुसऱ्याच्या वेळी मध्यंतराचा चहा थर्मासात भरत होती. तिसऱ्याच्या वेळी गोलकीपर पोरीचे घरी राहिलेले हातमोजे आणायला गाडी घेऊन गेली होती. चौथ्याच्या वेळी मात्र ती कठड्याला टेकून, डोळे ताणून उभी होती, आणि नेमकी तेव्हाच कुणाच्या तरी धाकटीला शू लागली.

नवऱ्याने, फोप्पेने, बहुतेक गोल पाहिले होते. पण त्याचा उपयोग काय?

"कसा मारला रे?"

"गेला आत."

"अरे पण कसा?"

"पायाने."

फोप्पे होड्या दुरुस्त करायचा. लाकडाशी बोलावं लागत नाही, म्हणून त्याला ते काम आवडायचं.

याप्केचं अगदी उलट. ती गावात सायकलवरून टपाल वाटायची आणि दारात माणूस नसेल तर कुत्र्याशी बोलायची, कुत्रं नसेल तर दाराशी. शांतता तिला सोसायचीच नाही, आणि संघाचा व्यवस्थापक मिंटे हे पक्कं ओळखून होता. दर ऑगस्टमध्ये तो पालकांना क्लबात बोलवायचा, कॉफी द्यायचा आणि तेच वाक्य टाकायचा, "मुलगी निवडली म्हणजे अख्खं घर निवडलं!" मग कागद फिरायचा. संघाचे कपडे कोण धुणार? बाहेरगावी गाड्या कोण काढणार? कँटीन कोण बघणार? यावर सगळे पालक आपापले बूट असे न्याहाळायचे, की जणू आजच विकत घेतलेत. मिंटे काही बोलायचा नाही. नुसता थांबायचा. एक, दोन, तीन...

"बरं बाई, मी करते!" याप्केच्या तोंडून सुटायचं.

पण मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी तिने निश्चय केला. घरचंच मैदान, समोर टर्वीस्प गावच्या मुली. जिंकलं तर विजेतेपद, बरोबरी झाली तर ते टर्वीस्पचं. तिने कँटीनची पाळी कुणाच्या तरी आजीच्या गळ्यात मारली, धुण्याची पिशवी फोप्पेच्या खांद्यावर लटकवली आणि मोकळ्या हातांनी मैदानावर आली. आज हिस्काचा गोल बघायचा. बस्स!

पाच मिनिटं. फार तर पाच मिनिटं ती मोकळी होती. मग समोरून मिंटे आला, हातात लाइनमनचा पिवळा झेंडा.

"याप्के, अगं ऐक ना..."

"नाही."

"ऑट्सेची पाळी होती, पण त्याची गाय नेमकी आत्ताच व्यायला बसलीय."

"मग गाईला सांग थांब म्हणून. मिंटे, आज मी मॅच बघायला आलेय."

"मग मी काय विहीर खणायला सांगतोय का तुला? अगं, मैदानाला चिकटून उभं राहायचं! याहून जवळून कुणाला दिसतं?"

मैदानाला चिकटून! याप्के विरघळली. झेंडा हातात आला तेव्हा ती अक्षरशः हसत होती. शिट्टी वाजली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की क्लबचा लाइनमन आपल्या गोलच्या बाजूला उभा राहतो. समोरच्यांचा हल्ला ऑफसाइड आहे का, ते बघायचं त्याचं काम. हिस्का खेळणार पुढे. गोल होणार तिकडे, पार दुसऱ्या टोकाला. तिथून लेक दिसायची ती उड्या मारणाऱ्या वेणीएवढी.

"मिंटे! लबाडा!" ती ओरडली. मिंटेने हात हलवून तिचं अभिनंदन केलं.

तरी तिने इमानाने काम केलं. दोनदा झेंडा वर केला, दोन्ही वेळा बरोबर. मध्यंतरापूर्वी हिस्काच्या संघातल्या, डॉक्टरांच्या मुलीने गोल केला, एक-शून्य झालं. उत्तरार्धात बाजू बदलल्या, याप्केही बदलली, आणि वेणी पुन्हा तेवढीच लांब गेली.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि मधल्या रेघेपाशी चेंडू हिस्काला मिळाला. तिने एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, समोर मोकळं मैदान. आणि याप्के पळत सुटली.

तिचं तिलाही कळलं नाही. वीस वर्षं टपालाची सायकल हाणलेले पाय ते! रेघेच्या कडेकडेने, मधली रेघ ओलांडून, झेंडा फडफडवत. वाटेत टर्वीस्पचा लाइनमन उभा होता, एका हातात झेंडा, दुसऱ्यात कॉफी.

"अहो बाई, तुमची हद्द संपली!"

"आलेच हं, एक मिनिट!"

ती कोपऱ्यापर्यंत पोचली आणि हिस्काने फटका मारला. टण्ण! गोलच्या खांबाला. याप्केने डोकं धरलं. तेवढ्यात टर्वीस्पच्या मुलीने चेंडू उंच, लांब भिरकावला. त्यांची नऊ नंबरची पोरगी तिकडे हिस्काच्या संघाच्या गोलकीपरशेजारी निवांत रेंगाळत होती, ऑफसाइड, तीही अशी तशी नाही, वीस पावलं! पण झेंडा वर करायला तिथे कुणीच नव्हतं. त्या पोरीने चेंडू अलगद आत ढकलला.

एक-एक.

पंच आधी रिकाम्या कडेकडे बघत राहिले. मग ते वळले, मग सगळं मैदान वळलं. भलत्याच कोपऱ्यात झेंडा घेऊन याप्के उभी.

"बाई, तुम्ही इथे काय करताय?"

"बघतेय."

"काय बघताय?"

"लेकीला."

"तो गोल ऑफसाइड होता का?"

"हो म्हण, याप्के!" कठड्यावरून सगळं गाव गरजलं. "हो म्हण!"

विजेतेपद याप्केच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी तर इथे होते."

"मेम!" आईला हाक मारत आलेली हिस्का लालबुंद होऊन धापा टाकत होती. "मेम, तू वेडी आहेस का?"

मिंटे धावत आला, त्याने झेंडा हिसकावला आणि फोप्पेकडे फेकला. "जा रे, तू उभा राहा तिकडे! आणि तू, याप्के, तू आता काही करू नकोस. कळलं? काहीच करू नकोस!"

चार वर्षांत असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. कठड्याबाहेरून ती टर्वीस्पच्या गोलमागे जाऊन उभी राहिली. हातांचं काय करायचं ते सुचेना, म्हणून जाळीमागचा दोर धरला. आपल्यामुळे पोरींचं विजेतेपद चाललं होतं. दोन मिनिटं उरली. एक उरलं.

आणि चेंडू आला. डावीकडून, जमिनीलगत, उसळत. हिस्का पळत आली...

पुढच्या क्षणी जाळी याप्केच्या नाकापुढे फुगली. गाव किंचाळलं. पोरींचा ढीग झाला, आणि त्या ढिगाखालून सुटून हिस्का थेट गोलमागे आली.

"मेम! पाहिलास?"

"पाहिला? अगं, चेंडू उसळला ना, तेव्हा तू आधी उजवा पाय उचललास, मग म्हणालीस नको, आणि डावा घातलास! ती उंच पोरगी आडवी पडली, तिच्या पायांमधून गेला गं, पायांमधून! गोलकीपरचं बोट लागलं, चेंडू फिरला, खांबाला घासला, थोडी पांढरी धूळ उडाली, मला वाटलं बाहेर, पण नाही, तो वळला आणि आला, माझ्याकडे आला, आणि तुझी जीभ बाहेर होती, अशी, डाव्या बाजूला..."

"मेम, गोल मी मारलाय. मला माहितेय."

"तुला काय माहितेय?" याप्के म्हणाली. "तू तर पळत होतीस. पाहिला मी."