दुसरं कंपन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं उत्तर खरंच दुसरं आहे का, हे मला माहीत नाही.

विषय तारेच्या कंपनाचा. दोन्ही टोकांना बांधलेली तार, ठरावीक वेळाने पुन्हा तशीच हलणारी. जोराने छेडली की तिचं गणित सरळ राहत नाही, एकाच समीकरणाला अनेक उत्तरं निघू शकतात. किमान दोन निघतातच, असा माझा दावा. यात खबरदारी एकच: तेच कंपन थोडं उशिरा पाहिलं तर ते नवं म्हणून मोजायचं नाही. ती तपासणी मी विसरलो.

मौखिक परीक्षेच्या सकाळी, तारनाक्याला चहा घेताना, माझ्याच मार्गदर्शक सरांकडे नवीन आलेली नांदेडची मुलगी म्हणाली, "दादा, दोन कशावरून? माझे मामा सकाळी अफझलगंजला दिसतात, दुपारी सुलतान बाजारात. म्हणून मला दोन मामा झाले का?"

माझा चहा बशीत सांडला. "सरांनी तपासलंय," मी म्हणालो. खोटंच. "तू तुझं बघ."

"बरं बाबा, नक्को तर नक्को."

तेव्हा सगळे गणित सोडून कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होते. माझ्यापाशी या पदवीशिवाय काही नव्हतं. बाहेरगावचे परीक्षक पानं उलटत होते. नेमक्या त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"टाइप करताना सोडलेलं इथलं चिन्ह पेनाने भरायचं राहिलंय," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

मग सरांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" मागच्या बाकावर तिचा हात वर येत होता. मी तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं असेन कोण जाणे, तिने हात खाली घेतला.

पुढे सरांनी तिला माझ्याच निष्कर्षावर काम दिलं. ते पुढे सरकेचना. सरांनी तपासलंय, हे तिने खरं धरलं होतं. "माझ्याच डोक्यात शिरत नाही, दादा," ती म्हणाली. "होतं असं," मी म्हणालो. ती कॉम्प्युटरकडे गेली. मी प्राध्यापक झालो.

अजूनही कुणा विद्यार्थ्याने तो प्रबंध मागितला की मी विषय बदलतो.

तुझी शंका बरोबर होती, चूक माझी होती, एवढं सांगण्याचं तिचं देणं मी अजून लागतो.