बाजूच्या सीटवरचे गफूरचाचा

गफूरचाचा नव्या माणसाला पहिले तीन दिवस स्टिअरिंगला हात लावू देत नसत. त्याला मागच्या सीटवर बसवायचे आणि दुसरा शिकाऊ गाडी कशी चालवतो ते नुसतं बघायला लावायचे. कोर्सचे पैसे भरून आलेला माणूस साहजिकच कुरकुरायचा. चाचा मागे वळूनसुद्धा न बघता म्हणायचे, "आधी बसायला शीक. ज्याला गाडीत बसता येत न्हाई, त्याला चालवता काय येणार हाय?"

नांदेडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. दोन जुन्या गाड्या, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. मी हिमायतनगरजवळच्या खेड्यातून बी.कॉम. करायला आले होते, सकाळचं कॉलेज आटोपून चाचांकडे फॉर्म भरायला बसायचे. लायसनचं सगळं काम ऑनलाइन झालं तेव्हा चाचांनी कॉम्प्युटरकडे एकदा बघितलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यांची खरी खुर्ची गाडीत, ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला. ट्रेनिंगच्या गाडीत तिथंही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकाऊ घाबरून गोंधळला, की चाचांचा पाय हलायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. "क्लच हळू सोड," एवढंच म्हणायचे, "पावण्याला दारापातुर सोडतो तसा." हॉर्न बडवणाऱ्याला विचारायचे, "म्हशीला काय सांगून राहिलास? तिला इंग्रजी येत न्हाई." आणि टेस्ट न देता लायसन मिळेल का, असं कुणी विचारलंच, तर हात जोडून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून यायचे.

इद्रिस आला तो या मागच्या सीटवरच चाचांच्या मनात भरला. तीन दिवस बसायला सांगितलं होतं, हा पाच दिवस बसला. सुदानचा होता, नांदेडला पीएच.डी. करत होता. मायदेशी लढाई पेटलेली. बायको अमल लातूरला फार्मसी शिकत होती आणि तिला दुसरा महिना होता. हा शनिवारी एसटीने लातूर गाठायचा, रविवारी परत. एक सीनियर भारत सोडून जाताना आपली जुनी गाडी याला देतो म्हणत होता. बाळ यायच्या आत लायसन आणि गाडी, एवढंच त्याला हवं होतं. "चाचा, सहा महिन्यांत होते का?" असं त्याने विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "हाव, आरामात."

ते आरामात काही झालं नाही. शिकाऊ लायसन निघालं. पक्क्या लायसनच्या टेस्टला गेलो, तर इथं राहायच्या परवान्याची मुदत संपत आलेली, ती आधी वाढवून आणा, आरटीओवाले म्हणाले. ती वाढवायला पासपोर्टची मुदत लागते. पासपोर्ट वाढवणाऱ्या त्याच्या वकिलातीत फोन कुणी उचलत नव्हतं, कारण तिकडं सरकार कुणाचं तेच ठरत नव्हतं. सहा महिन्यांत पहिलं शिकाऊ लायसन संपलं. दुसरं काढलं. इकडे मी त्याच्या एकेका कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढत होते आणि मनातून मला कळून चुकलं होतं, की हे होणार नाही. चाचांना मात्र कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

गाडीचंही तेच. ती इद्रिसच्या नावावर होईना, नावावर नाही म्हणून त्याच्या नावाने विमा निघेना. शेवटी चाचांनी आमच्याकडं सगळे करतात तेच केलं. गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली. आमच्याकडं गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसराच, याचं कुणाला काही वाटत नाही. मेव्हण्याची जीप भाच्याच्या नावावर असते आणि दोघंही सुखात असतात. विम्याचा फॉर्म मीच भरला. मालक, शेख गफूर. भरता भरता म्हटलं, "चाचा, तो शिकाऊ लायसनवाला. उद्या काही झालं तर?"

"शिकाऊच्या बाजूला पक्का लायसनवाला बसला की कायदा खूश," ते म्हणाले. "मी हाय ना बाजूला." आणि खरोखरच मिस्त्रीकडे नेऊन त्यांनी त्या गाडीतही डाव्या बाजूला ब्रेक बसवून घेतला. पुढे तीन-चार शनिवार दोघं मिळून लातूरला गेले. इद्रिस चालवायचा, चाचा बाजूला. अमल त्यांना भाताचं काहीतरी करून घालायची आणि चाचा सोमवारी मला त्याचं वर्णन ऐकवायचे.

एका मंगळवारी दुपारी इद्रिस धावत स्कूलमध्ये आला. लातूरहून फोन आला होता, अमलला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. चाचा दुसऱ्या शिकाऊला टेस्टला घेऊन गेले होते. मी फोन लावून दिला. चाचा इद्रिसला म्हणाले, "एक घंटा थांब, आलोच." तो थांबला, अर्धा तास. दारात येरझाऱ्या घालत होता, मी त्याला पाणी दिलं. मग किल्ली घेऊन निघून गेला. मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं, हे मला आजही टोचतं.

शहराबाहेर पडायच्या आधीच, बाजाराच्या वळणावर, त्याने किशनराव नावाच्या भाजीवाल्याची हातगाडी उडवली. किशनरावांचा पाय चाकाखाली गेला. इद्रिस पळाला नाही, त्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, मग पोलिसांत बसून राहिला. मुलगी झाल्याचं त्याला तिथंच फोनवर कळलं. पुढे गुन्हा कबूल करून त्याने दंड भरला. पण इथं राहायच्या परवान्याची मुदत काही वाढली नाही. बायको-मुलीला घेऊन तो गेला, कुठल्या तरी तिसऱ्याच देशात. जाताना चाचांच्या गळ्यात पडून इतका रडला, की चाचाच त्याला म्हणाले, "आरं, गाडी सुटंल तुझी."

राहिला किशनरावांचा दावा. त्यांचा पाय गुडघ्यात वाकेना, धंदा बसला, त्यांना भरपाई हवीच होती आणि ती रास्तच होती. विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. शिकाऊ माणूस एकटा गाडी चालवत होता, आम्ही देणं लागत नाही, मालकाकडून घ्या. आमचे वकील म्हणाले, "पंचनाम्यात शेजारी कोण होतं याचा उल्लेखच नाही. पोरगा देशाबाहेर. किशनरावांना तेव्हा शुद्धच नव्हती. चाचांनी एकच वाक्य म्हणायचं, मी बाजूला बसलो होतो. संपलं. कंपनी भरेल." किशनरावांनाही पैसे लवकर मिळाले असते. त्या वाक्याने कुणाचंही नुकसान नव्हतं.

मी चाचांकडून ते वाक्य घोकून घेतलं, ते शिकाऊंकडून सिग्नलची चिन्हं घोकून घ्यायचे तसंच. मी विचारायचे, "अपघाताच्या वेळी तुम्ही कुठे होता?" ते म्हणायचे, "बाजूला बसलो व्हतो." आठ दिवस. एकदाही चुकले नाहीत.

कोर्टात कंपनीच्या वकिलाने तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. चाचा पिंजऱ्यात उभे, स्वच्छ पांढरा सदरा. मी मागच्या बाकावर, ओठांनी त्यांच्यासाठी ते वाक्य म्हणत होते.  चाचा म्हणाले, "साहेब, मी आसतो तर ब्रेक लागला आसता."

"म्हणजे तुम्ही गाडीत नव्हता?"

"न्हवतो."

टायपिस्टने टाइप केलं. आमच्या वकिलांनी फाइल मिटली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्यांच्यावर ओरडले. चारचौघांत, माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसावर. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पोरी, बसलो व्हतो म्हणलं आसतं, तर लोक काय म्हणले आसते? गफूर बाजूला बसला व्हता आन् गाडी माणसाच्या पायावरून गेली. चाळीस वर्सांत आसं एकदा बी झालं न्हाई. ते मी माझ्या तोंडानं कसं म्हणू?"

लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. मी म्हणत नाही. मी आठ दिवस त्यांच्यासमोर बसले होते, खोटं बोलायला ते तयार होते. हा माज होता, एका पायाचा माज, आणि त्यापायी दोन्ही गाड्या गेल्या, गल्लीतलं दुकान गेलं. किशनरावांना जे मिळायचं ते तुकड्यातुकड्यांनी मिळालं. चाचा लातूरला मुलीकडे राहायला गेले. त्या माजावर मी आजही चिडते आणि असा माज माझ्याकडे नाही याचं वाईटही वाटतं.

पुढे मीही लातूरला आले, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात नोकरीला. रविवारी त्यांच्याकडे जायचे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळायचं, माणसांची सरमिसळ व्हायची. इद्रिसचा नंबर तोवर बंद पडला होता. तो कुठे आहे, आहे की नाही, मला काहीच माहीत नव्हतं.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा त्यांनी अचानक विचारलं, "इद्रिसचं लायसन झालं का?"

"झालं चाचा," मी म्हटलं. "पक्कं लायसन. तिकडंच काढलं. विमाबी त्याच्याच नावाचा हाय."

"टेस्टला गाडी बंद पडली का?"

"न्हाई."

"चढावर?"

"चढावर बी न्हाई."

"आन् रिव्हर्स?"

"एका दमात."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं. इद्रिसला रिव्हर्स कधीच एका दमात जमला नव्हता. दर वेळी उजवीकडे ओढायचा आणि दर वेळी चाचांचा ब्रेक लागायचा. मी हे साफ विसरले होते.

"मंग त्यो दुसराच कुनी आसंल," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यांच्या मुलीने चहा आणला, तो मी एकटीनेच घेतला. पुढच्या रविवारच्या आत चाचा गेले.