एका मतासाठी चालणं

मुलांनो, इथल्या समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट बागेत एक वृद्ध जपानी गृहस्थ रोज सकाळी चालण्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये माझ्या बाकावर बसत. आधी रुमालाने माझीही बाजू पुसत. खिशात त्यांच्या राज्यघटनेची शाळकरी पुस्तिका असे.

एकदा म्हणाले, "युद्ध करणार नाही, हे कलम आता बदलायचं म्हणतात. त्यासाठी आमच्याकडे सगळ्या लोकांचं मत घ्यावं लागतं."

"कायदे काळाप्रमाणे बदलायचेच," मी म्हणाले.

"मॅडम, युद्ध हरलो तेव्हा मी शाळेत होतो. गुरुजींनी पुस्तकातल्या लढाईच्या ओळी आमच्याच हातांनी शाईने काळ्या करायला लावल्या. नंतर ही पुस्तिका दिली. हिच्यावर मी शाई फासणार नाही."

"पण तुमच्या एका मताने काय होणार?"

ते हसले. "नातूही हेच म्हणतो. पण मतदान होईपर्यंत जगायला हवं ना? म्हणून तर चालतो."

ते उरलेली फेरी घालायला उठले. मीही उठले.