अंगझडती देऊ केली असता

पोळ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास गिरणाकाठच्या आमच्या गावात एका किराणा दुकानाची पोलिसांनी झडती घेतली. नवे फौजदारी कायदे लागू होऊन दोन महिने झाले होते. झडती गुटख्यासाठी होती. दोन पंचांपैकी एक मी होतो.

दुकान आमच्या घरासमोर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत मालकीण राहते. वय साठीच्या पुढे, एकटी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. नवऱ्याच्या मागे दुकान तीच चालवते. राज्यात गुटख्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर बंदी आहे. माल सापडला तर गुन्हा दाखल होतो, दुकानाला सील लागू शकते. अक्काला शेत नाही आणि दुसरे उत्पन्नही नाही. सील लागले असते तर तिला पाचोऱ्याला लेकीच्या सासरी जाऊन राहावे लागले असते, आणि ते तिला नको होते. हे तिने कोणाला सांगायची गरज नव्हती.

मी जळगावला वर्तमानपत्रात बरीच वर्षे पोलीस ठाण्यांच्या बातम्या केल्या. पंचनामे शेकड्याने वाचले. पंच मात्र कधी झालो नव्हतो. त्या पंचनाम्यांत सुरुवातीला एक वाक्य हमखास असे: झडतीपूर्वी पोलिसांनी व पंचांनी स्वतःची अंगझडती देऊ केली असता घरमालकाने ती घेण्यास नकार दिला. बाहेरून येणाऱ्यानेच खिशातून वस्तू आणून ठेवली, असे नंतर कोणी म्हणू नये यासाठी ते वाक्य असते. घरमालक दर वेळी नकार का देतो, याचे मला कुतूहल होते.

पोलीस तिघे होते: फौजदार, पंचनामा लिहिणारा हवालदार आणि एक महिला पोलीस. तिच्या हातात मोबाइल होता, कारण नव्या कायद्यानुसार झडतीचे चित्रीकरण करावे लागते. हवालदाराने मला हाक मारली तेव्हा मी दाढी करत होतो. दुसरा पंच त्यांना आयताच मिळाला. भडगाव ते पाचोरा रिक्षा चालवणारा एक शेजारी दुकानाच्या ओट्यावर बसलेला होता.

दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले गेले. बाहेर गल्लीतले लोक जमले. समोरच्या ओट्यावर बसलेल्या, गल्लीतल्या वयस्कर आबांनी विचारले, "फौजदार साहेब, वारंट शे का?"

"वॉरंट नाही, आबा. तातडी असली की कारण लिहून झडती घेता येते. कारण लिहिलं आहे."

त्यांनी कागद दाखवला. मी वाचला. 'गोपनीय बातमी मिळाल्यावरून' असे त्यावर होते. बातमी कोणाची, ते कागदावर नव्हते. गावाने दोन-तीन नावे लगेच ठरवली. त्यांपैकी एकालाही आधार नव्हता.

अक्का दारात उभी होती. तिने एवढेच विचारले, "काय लिखी ऱ्हायना तो? माले वाची दाखाडा."

फौजदारांनी मान हलवून होकार दिला. हवालदार वाचू लागला. तारीख, वेळ, गाव, पंचांची नावे झाली. मग: "आम्ही पोलीस व पंच यांनी आमची अंगझडती देऊ केली असता सदर महिलेने ती घेण्यास नकार दिला."

"थांबा," अक्का म्हणाली. "कोनी नकार दिधा?"

"अक्का, ते असंच लिहायचं असतं," हवालदार म्हणाला.

"मी कव्हय नकार दिधा? तुम्ही माले इचारंच नही."

ओट्यावरून आबा म्हणाले, "अक्का, व्याहीले आपण जेवाले बसा म्हनतस ना, तसं शे ते. त्यानी नको म्हनानं ऱ्हास."

"आनि व्याहीले भूक लागेल व्हई तं?"

लोक हसले. फौजदार हसले नाहीत. त्यांनी महिला पोलिसाकडे पाहिले.

"चालू आहे का?"

"सुरुवातीपासून चालू आहे, साहेब."

हवालदाराने ते वाक्य ठाण्यातूनच लिहून आणले होते. पहिले अर्धे पान त्याचे नेहमी तयार असते, हे त्याने मला नंतर सांगितले. फौजदार अक्कासमोर जाऊन उभे राहिले.

"अक्का, आम्ही आमची अंगझडती देतो. घ्यायची आहे का?"

"द्या."

थोडा वेळ कोणाला काय करायचे ते कळेना. अक्कानेच सांगितले, "मी मानसेसना आंगले हात लावाव नही. खिसा उलटा करा."

पहिले फौजदार. रुमाल, किल्ल्या, पेन, खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. मग हवालदार: दोन मोबाइल, चष्म्याचे घर, कागदात गुंडाळलेली खोबऱ्याची वडी. "वडी कोनी दिधी?" असे अक्काने विचारले. "घरून आणली," असे त्याने उत्तर दिले, आणि तेही चित्रीकरणात आहे. माझ्या खिशात रुमाल होता आणि एका गालाला साबण तसाच होता. महिला पोलिसाने मोबाइल फौजदारांकडे दिला. तिचे खिसे अक्काने स्वतः चाचपले आणि म्हणाली, "जाय बेटा."

रिक्षावाला मागे सरकला होता.

"माले कसाले? मी गावनाच शे."

"पंच शे ना तू, भाऊ? मंग तुले बी."

"चावी शे नुसती."

"चावीच दखाड."

त्याने पँटचा डावा खिसा उलटा केला. चावी निघाली. उजवा खिसा तो उलटा करीना. फौजदार म्हणाले, "तोही." त्यातून गुटख्याच्या चार पुड्या निघाल्या, एकमेकींना जोडलेल्या, न फोडलेल्या.

"मी गुटखा खास," तो म्हणाला. "बठ्ठा गावले माहीत शे."

"माहीत शे," अक्का म्हणाली. "खास तू, आनि नाव निंघतं मना दुकाननं."

ही गोष्ट खरी आहे की तो गुटखा खात असे आणि गल्लीला ते माहीत होते. त्या पुड्या केवळ त्याच्या खाण्यासाठी होत्या की त्यांचा आणखी काही उपयोग ठरला होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले नाही, नंतरही नाही.

हवालदार हळू आवाजात फौजदारांना म्हणाला, "साहेब, नवीन पान घेऊ का? दुसरा पंच बघतो."

फौजदारांनी हातातला मोबाइल थोडा वर केला. "पान नवीन घेशील. हे कुठून नवीन घेणार?"

मग लिहिणे सुरू झाले. 'नकार दिला' ही ओळ खोडली गेली आणि खोडलेल्या जागी फौजदारांनी लघुस्वाक्षरी केली. पंच क्रमांक दोन यांच्या उजव्या खिशात चार पुड्या मिळून आल्या, असे नोंदवले गेले. पुड्या वेगळ्या पाकिटात घालून सील केल्या. रिक्षावाल्याला पंच म्हणून वगळले. त्याच्यावर पुढे काय कारवाई झाली, ती नोंद मी पाहिलेली नाही.

नव्या पंचासाठी पीठगिरणीवाल्याला बोलावले. तो कोपरापर्यंत पांढऱ्या हातांनी आला. त्याला कोणी काही सांगण्याआधीच अक्का म्हणाली, "खिसा." खिशातून पिठाशिवाय काही निघाले नाही.

झडती एक तास दहा मिनिटे चालली. फळ्या, डबे, तांदळाची गोणी, मागच्या खोलीतली कोठी, पलंगाखालची पेटी पाहिली. अक्का पूर्ण वेळ त्यांच्या मागे फिरत होती. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहता येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. हवालदार गोणीत हात घालताना ती म्हणाली, "तांदूय सांडू नका, भाऊ. माले परत निवडनं पडी." त्याने बाही मागे सारली. मुदत संपलेले बिस्किटांचे दोन पुडे सापडले. फौजदारांनी ते फेकून द्यायला सांगितले. ते पंचनाम्यात लिहिले नाहीत, कारण झडती त्यांच्यासाठी नव्हती.

शेवटी हवालदाराने पूर्ण पंचनामा वाचला. "घरात व दुकानात मिळून आलेला मुद्देमाल: निरंक."

"निरंक म्हंजे?" अक्काने मला विचारले.

"काही सापडलं नाही."

"मंग तसंच लिखाना. 'काही सापडनं नही.'"

"निरंकचा अर्थ तोच आहे, अक्का," फौजदार म्हणाले.

"तुमले समजस. उद्या सील लावाले दुसरा येई, त्याले समजाले पाहिजे."

हवालदाराने निरंक या शब्दापुढे कंस करून 'काहीएक मिळून आले नाही' असे लिहिले. मी सही केली, गिरणीवाल्याने केली, अक्काने अंगठा दिला. तिला एक प्रत मिळाली.

पोलीस निघताना मी फौजदारांना विचारले की अंगझडती देण्याचा नियम कोणत्या कलमात आहे.

"कलमात मी तरी वाचलेला नाही," ते म्हणाले. "पूर्वीपासून करतात. कोर्टात उलटतपासणीत विचारतात, म्हणून लिहितो."

"कोणी कधी घेतली होती?"

"माझ्या नोकरीत ही पहिली."

झडतीची कागदपत्रे आणि चित्रीकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठवल्याचे पुढच्या आठवड्यात मला ठाण्यात सांगण्यात आले. दुकानाला सील लागले नाही. अक्कावर गुन्हा दाखल झालेला नाही.