गेलं न्हाय, मागं हाय

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच भाजी घेऊन घरात शिरलो होतो. पिशवी हातातच राहिली... त्याच्या मुलीनं आधी त्याच्या बंगळुरूच्या विद्यार्थ्यांना कळवलं, मग मला. तशा वेळीही मला ते खुपलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सोलापुरातल्या एका गिरणीच्या ऑफिसात संगणक आला आणि आम्हा दोघांना तिथं एकदमच नेमलं. दोघंही इथल्याच कॉलेजातले, गणितवाले. मी शहरातला, तो करमाळ्याचा. पडद्यावर मजकूर लिहायच्या प्रोग्रामला मी एक जोड लिहिली होती. कळ दाबली की खालच्या खिडकीत, म्हणजे पडद्याच्या खालच्या भागात, चुकांची यादी दिसावी, वरच्या खिडकीत मजकूर तसाच राहावा. माझ्याकडे ते झकास चालायचं. मालकांना दाखवायच्या दिवशी टायपिस्ट शकुंतलाबाईंनी कळ दाबली आणि यादी मजकुराच्याच जागी येऊन बसली.

"साहेब, माझं सगळं गेलं की!" बाई रडवेल्या झाल्या. माधवनं मागून वाकून दोन कळा दाबल्या, मजकूर परत आला. "बाई, गेलं न्हाय, मागं हाय," तो म्हणाला. मालकसुद्धा हसले.

नंतर मला म्हणाला, "तू दोन खिडक्या आधीच उघडून बसतोस. बाईंची एकच होती. मग तुझी यादी जाणार कुटं?" इतकं साधं... आणि ते मला दिसलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं: एकच खिडकी असेल तर आधी दुसरी उघडायची, यादी मिटली की पडदा होता तसा करायचा. पण संगणक पुरवणाऱ्या कंपनीच्या बंगळुरूच्या ऑफिसात जायला नाव निघालं त्याचं. "तू बी चल की, मी बोलतो सायबांशी," तो म्हणाला. त्याच्या शब्दावर जाणं मला नको होतं. तो गेला, तिथं पोरांना शिकवत मोठा झाला. मी गिरणीतच राहिलो.

निवृत्तीनंतर तो परतला, माझ्या घराजवळच राहिला. कामाच्या खोलीत ये म्हणायचा, मी दिवाणखान्यातूनच उठून घरी यायचो. परवा वहिनींनी ती खोली उघडली. संगणकासमोर दोन खुर्च्या.

"एकट्याला सुचत न्हाय म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "कुणालातरी शेजारी बसवायचे. पोरांना, न्हायतर मला."

"तुम्हाला त्यातलं कळायचं?"

"न्हाय की. पण चूक सापडली की पयलं मलाच सांगायचे."

मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलो. माणसं बसून बसून तिची गादी दबली होती. त्या प्रत्येकाचा हेवा करत मी तिथं बराच वेळ बसून राहिलो.