गाढव कसं उठतं

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी, संपतदादा, तू ओट्यावर बसून दात घासत होतास. चावडीपुढं मार्केटला आलं नेणारी गाडी उभी होती. मागं गोण्या, पुढं ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारच्या बाकड्यावर मी, आई आणि पत्र्याची ट्रंक. तुझे वडील गाडीपर्यंत आलेच नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "जावा. चार महिन्यांत माघारी याल." आई वाकून त्यांच्या पाया पडली. मी पडले नाही. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी झालेली. थोरल्या चुलत्याच्या पाया न पडता घराबाहेर पडायची माझी ती पहिलीच वेळ.

आता तुझं पत्र आलंय. सरपंच झालास, चांगलं झालं. यात्रेत माझा सत्कार करायचा ठरलाय म्हणतोस. शाल, श्रीफळ, आणि फ्लेक्सवर ‘कार्टूनच्या दुनियेत नाव कमावणारी गावची लेक’. नाव कमावणारी. त्या नावाचीच गोष्ट सांगते. तुझ्यासाठी लिहितेय, आणि इथं कोपरखैरण्यातल्या आपल्या ग्रामस्थ मंडळातल्या लोकांसाठीही, जे तीस वर्षं इथं राहून दर मीटिंगला गावाच्या नावानं डोळे पुसतात आणि गावानं आपल्याला काय म्हटलं होतं ते सोयीनं विसरतात.

आधी हे आठव. माझे वडील, आप्पा, वाशीच्या मार्केटात माथाडी होते, वर्षातून दोनदा घरी यायचे. मधल्या काळात आई आणि मी तुमच्या हाताखाली. मी वह्यांत चित्रं काढायची. बैल, कुत्री, पाण्याला निघालेल्या बायका, पायरीवर विडी ओढणारे तुझे वडील. दहावीच्या सुट्टीत त्यांनी माझ्या सात वह्या बंबात घातल्या. रागानं नाही, हे मला जास्त लागलं. सरपण ओलं होतं म्हणून घातल्या. "रिकामी कामं," एवढंच म्हणाले, आणि त्या पाण्यानं तू अंघोळ केलीस. आप्पांना हे कळलं दोन वर्षांनी. पुढच्या खेपेला आले तेव्हा आईला म्हणाले, "सामान बांध."

कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत आम्हाला एक खोली होती. खाडीचा वारा यायचा आणि त्याबरोबर पावणे एमआयडीसीच्या कारखान्यांचा वास. आई पहिले सहा महिने दार लावूनच स्वयंपाक करायची, कारण शेजारच्या बायका काय म्हणतील याची भीती अजून गावचीच होती. मग एक दिवस शेजारणीनं दार वाजवून विचारलं, "कोण मेलं का आत? दार उघडं ठेवा की." त्यानंतर ते दार दिवसा कधी बंद झालं नाही.

पावण्यात एका प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कार्टूनचा स्टुडिओ होता. बाहेरच्या देशातल्या कंपनीची फिल्म, आणि काम इथं. एका सेकंदाला चोवीस फोटो लागतात. मुख्य चित्रं तिकडून यायची. मधली चित्रं इथं पोरं काढायची, आणि मग ती पारदर्शक शीटवर उतरवून मागच्या बाजूनं रंग भरायचं काम आम्हा पोरींचं. हातात पांढरे सुती मोजे, घामाचा डाग पडला तर शीट बाद. आम्ही चौदा जणी होतो, पेंटिंगला सगळ्या पोरीच. ड्रॉइंगच्या खोलीत सगळे पुरुष. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, मला तिकडं बसता येईल का. आमचे सुपरवायझर सावंतसर हसले. "अगं, पेन्सिलीला वेगळा हात लागतो. तुझा रंगाचा हात मस्त आहे. टेन्शन कशाला घेतेस?"

फिल्म होती एका गाढवाची. लहान मुलांसकट सगळ्या घरानं बसून हसावं अशी. दूधवाल्याचं बुटकं गाढव, गावातले घोडे त्याला हसतात, आणि शेवटी तेच गाढव शर्यत जिंकून दाखवतं. त्यात एक मोठा सीन होता. घोडे गाढवाला लाथ मारून पाडतात, पाठीवर दुधाचे कॅन तसेच, आणि ते सगळं वजन घेऊन ते पुन्हा उठतं. तिकडून आलेल्या चित्रांत गाढव पडलेलं होतं आणि मग उभं होतं. मधलं इथं काढायचं होतं. ड्रॉइंगच्या पोरांनी तीन वेळा काढलं, तीन वेळा तिकडून परत आलं. शेरा एकच, वजन दिसत नाही.

दिसणार कसं? त्यांचं गाढव स्प्रिंगसारखं उठत होतं. मी ती चित्रं रंगवायला येण्याआधीच बघितली होती आणि मला राग येत होता. ओझं घेतलेलं अंग असं उठत नाही. मी रविवारी आप्पांचा डबा घेऊन मार्केटात जायची. बटाट्याची गोणी पाठीवर आली की आप्पा लगेच उठायचे नाहीत. आधी मान खाली जायची. मग श्वास आत ओढून ते एक क्षण अगदी थांबायचे, बघणाऱ्याला वाटावं आता जमत नाही. मग एक गुडघा थरथरायचा, पाय थोडा बाहेर सरकायचा, आणि कंबर वर आल्यावर सगळ्यात शेवटी डोळे वर यायचे.

तेच मी काढलं. जेवणाच्या सुट्टीत, बाद कागदांच्या पाठीवर, अकरा दिवस. छपन्न चित्रं. ती सावंतसरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, बघा जरा." त्यांनी अंगठ्याखाली पानं भराभरा उलटली, पुन्हा उलटली, आणि म्हणाले, "ठेवून जा."

मी ठेवून गेले. ह्याचा राग मला स्वतःवर अजून आहे.

दहा दिवसांनी तोच सीन माझ्याच टेबलावर रंगवायला आला. रेष साफ केलेली, पण मान तीच, थांबणं तेच. तिकडची एक बाई तपासणीला आली होती, ती त्या सीनवर इतकी खूश झाली की तिनं सावंतसरांना हात धरून सगळ्या खोलीतून फिरवलं. ते आमच्या टेबलाशी आले तेव्हा मी वर बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

फिल्म पूर्ण झाल्यावर वाशीच्या एका हॉलमध्ये कामगारांच्या घरच्यांसाठी शो ठेवला. आप्पा ड्युटीवरून थेट आले, मानेला गोणीचा लाल वळ घेऊन. आई नवं लुगडं नेसली होती. गाढव पडलं, आणि ते उठायला लागलं तसे आप्पा खुर्चीत पुढं सरकले. गाढवाचा गुडघा थरथरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"ही उचल माझी हाय," ते हळूच म्हणाले. "तू काढलीस."

मी मान डोलावली.

शेवटी नावं सरकायला लागली. लोक उठून समोशाच्या टेबलाकडं गेले. आप्पा बसून राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांनी माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटवर पाहून ठेवलं होतं. शेवटची ओळ जाईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग पडदा पांढरा झाला.

"तुझं नाव कुटं हाय?"

"रंगवणाऱ्यांची नावं नसतात, आप्पा."

"मी रंगाचं इचारलं न्हाय."

ते उठले आणि सावंतसरांच्या समोर जाऊन उभे राहिले. सरांच्या हातात कागदाची बशी होती. आप्पा आवाज न चढवता म्हणाले, "सायेब, ते गाढव माझ्या पोरीनं उठवलंय. तिचं नाव न्हाय लावलं."

सर हसले. "काका, हे टीमवर्क असतं. एकाचं नाव काढून चालत नाही."

"तुमचं हाय की."

"मी सुपरवायझर आहे, काका."

"आमच्या टोळीत बावीस माणसं हायेत," आप्पा म्हणाले. "टोळी म्हंजी काय ते मला सांगू नका. आमचा मुकादम दुसऱ्याची गोणी आपली म्हणून सांगत न्हाय. सांगितली तर त्याला गाडीच्या फळीवरनं कोण खाली उतरू देनार न्हाय."

आजूबाजूचं खाणं थांबलं होतं. मला लाज वाटली, खरं सांगते. आप्पांच्या मळक्या सदऱ्याची, त्यांच्या ‘हाय-न्हाय’ची. दोन पावलं पुढं जाऊन त्यांचा हात ओढावा असंही वाटलं. मग सावंतसर माझ्याकडं वळून म्हणाले, "घरी समजावून सांग त्यांना," आणि माझी लाज जागच्या जागी जळून गेली.

"सर, समजावायचं काही नाही," मी म्हटलं. "मॅडम अजून इथंच आहेत. दोन खुर्च्या मांडा. तुम्ही एक उचल काढा, मी एक काढते."

त्यांनी बशी खाली ठेवली. खुर्च्या काही मांडल्या नाहीत. पण ती तिकडची बाई जवळच उभी होती, तिनं ड्रॉइंगच्या एका पोराला विचारून घेतलं काय चाललंय ते. दुसऱ्या दिवशी तिनं मला ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं आणि गाढव वेगळ्या बाजूनं उठताना काढायला सांगितलं. दुपारपर्यंत काढलं. सोमवारपासून मला खालून लाइट लावलेलं ड्रॉइंगचं टेबल मिळालं. सावंतसर तिथंच राहिले, त्याच पगारावर, त्याच खुर्चीत. माफी कोणी मागितली नाही. फिल्मवर नाव लागलं नाही, कारण प्रिंट निघून गेल्या होत्या. पुढच्या तीन फिल्मांवर लागलं. मग कॉम्प्युटर आले, स्टुडिओ बंद झाला, आणि मी नव्यानं माउस धरायला शिकले.

तू म्हणशील, मग झालं की चांगलं. सगळे असंच म्हणतात. त्या फिल्मची गोष्टही हीच होती, आणि जितकी वर्षं जातात तितकी ती मला जास्त खुपते. गाढव शर्यत जिंकतं तेव्हा घोडे त्याला खांद्यावर घेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. जिंकलं नसतं तर? रोज सकाळी गावाला दूध तेच पोचवत होतं. लाथा मारणाऱ्या घोड्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही काय सिद्ध केलंत म्हणून. सिद्ध करायचं ते पडलेल्यानं. आणि एकदा केलं की ज्यांनी पाडलं तेच शाल घेऊन येतात, आणि आपण वाकून ती घ्यायची.

आप्पांनी आयुष्यभर मुंबईचा बटाटा पाठीवर वाहिला. त्यांचा सत्कार कधी ठरला नाही तुमच्या यात्रेत. ते गेले तेव्हा गावातून दोन माणसं आली होती. तू नव्हतास. म्हणून दादा, मी येणार नाही. फ्लेक्स छापला असेल तर कोरी बाजू वर करून गोठ्यावर टाक, पावसाला उपयोगी पडेल.

मंडळातले लोक मला म्हणतात, ताई, एवढा राग बरा नाही, शेवटी घर ते घर. मीही खूप वर्षं विचार केला, माझं घर कुठलं. गावात गेलं की विचारतात, तिकडं नेमकं काय करतेस, किती माणसं हाताखाली आहेत. नव्या ऑफिसात गेलं की विचारतात, पोर्टफोलिओ दाखवा. सगळीकडं आधी काहीतरी काढून दाखवायचं.

हे पत्र मी कोपरखैरण्यातल्या त्याच खोलीत लिहितेय, जिथं कोणी काही दाखव म्हणत नाही. आता ती वाढवून दीड झालीय. आई सत्तरी ओलांडून गेली, कमरेत वाकलीय, पण झाडू दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी तिला म्हटलं, गावाहून सत्काराचं पत्र आलंय. ती "हं" म्हणाली. मी म्हटलं, नाही जाणार. त्यावरही "हं". मग कॉटखालून कचरा ओढत माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, "पाय वर घे."

मी पाय वर घेतले आणि लिहीत राहिले.