सीनेच्या पाण्यात आधी कोण

सुभेदार म्हणून माझं शेवटचं पोस्टिंग इंजिनीअर रेजिमेंटमध्ये होतं. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पूर आला की बोटी घेऊन धावणं हे आमचं काम. आसामचा पूर मी पाहिला होता, बिहारचाही. त्या सप्टेंबरात आलेल्या ऑर्डरमध्ये मात्र सोलापूर जिल्ह्याचं नाव होतं, म्हणून ती मी पुन्हा एकदा वाचली. मी सांगोल्याचा. आमच्याकडे टँकर येतो. आर्मीच्या बोटी आपल्या जिल्ह्यात उतरवाव्या लागतील, असं कधी मनात आलं नव्हतं.

आमच्या पूर-मदत तुकडीच्या म्हणजे कॉलमच्या कमांडर एक कॅप्टन मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या. आफ्रिकेतल्या शांतिसेनेतली ड्युटी संपवून त्या नुकत्याच परतल्या होत्या. तिथं त्यांच्याबरोबर आमचा नाईक मल्लिनाथ बिराजदार होता. मल्लू आमच्याच जिल्ह्यातल्या, सीमेवरच्या मैंदर्गीचा. घरी कन्नड, गावात मराठी, फौजेत हिंदी. बोटीची मोटर चालवण्यात रेजिमेंटमध्ये त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. बोलायचा कमी. मला थोडंफार कन्नड आलं ते त्याच्यामुळेच.

सकाळी पोचलो तेव्हा सीना दिसेना. म्हणजे नदी अशी वेगळी दिसेना. जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत तपकिरी पाणी, मधे विजेच्या खांबांची टोकं, उसाचे शेंडे, एका देवळाचा कळस. पाण्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा येत होता. मी दुष्काळात वाढलेला माणूस. हात आपोआप जोडले गेले. शेजारचे दोन जवानही तसेच उभे होते.

मॅडमनी गाडीजवळ ब्रीफिंग घेतलं. शस्त्रं गाडीतच राहतील. बुडणाऱ्याला हात देण्याआधी नाव, गाव, जात, देश विचारायचा नाही. ज्याला धोका जास्त, त्याला आधी काढायचं. शक्यतो कुटुंब तोडायचं नाही. कुठं नेतोय ते माणसाला सांगून मगच बोटीत घ्यायचं. कोणाचा फोटो काढायचा नाही. हे नियम आपले नाहीत, जगातल्या देशांनी बसून मान्य केलेत, असंही त्या म्हणाल्या. एक जवान म्हणाला, की ते परदेशासाठी असेल, हे तर आपलंच गाव आहे. फौजेत आम्ही हिंदीत बोलतो, इथं मराठीत लिहितोय. मॅडम म्हणाल्या, "आपल्या गावात तर जास्तच पाळायचे. इथं आपल्याला ओळखीचे चेहरे दिसतात."

त्याचा अर्थ दुपारी कळला.

दुपारपर्यंत बरीच माणसं काढून झाली होती. आमची दुसरी बोट शेजारच्या गावाला गेली होती. आमच्यापुढे दोन ठिकाणं उरली. एक, मळ्यातलं स्लॅबचं घर. गच्चीवर गावातलंच एक मोठं कुटुंब. दुसरं, नव्या पुलाच्या कामावरच्या मजुरांचा कॅम्प. पत्र्याच्या खोल्या वाहून गेल्या होत्या आणि माणसं मुरुमाच्या ढिगाऱ्यावर चढून बसली होती. बाया, लहान मुलं. कोणी झारखंडचे, काही नेपाळचे. ढिगारा एका बाजूने कापला जात होता. त्यातच निरोप आला की वरून धरणाचं पाणी आणखी वाढतंय.

मॅडमनी दुर्बिणीतून दोन्हीकडे पाहिलं. "आधी ढिगारा."

काठावर गर्दी होती, ती पुढे आली. गच्चीवरच्या कुटुंबातला थोरला मुलगा बोटीसमोर उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याची आई, बायको, पोरं डोळ्यांसमोर पाण्यात होती. तो म्हणाला, "आमची मानसं हितं मराया लागल्यात आन् तुमी भायेरच्यांना काढताय? त्यांच्यापाशी कागद तरी हायती का?"

मॅडमनी आवाज चढवला नाही. घराचा पाया पक्का आहे, पाणी अजून गच्चीच्या बरंच खाली आहे, ढिगारा मात्र फार वेळ टिकणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. पाणी कागद पाहून थांबत नाही, असंही म्हणाल्या. तो हलेना. चारपाच जणांनी बोटीचा दोर धरून ठेवला. जमावावर जोर करायचा नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि वेळ जात होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गच्चीवरून आईचा होता. हिराबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. पाण्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावला. बोट का थांबली, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "आमी स्लॅबवर हाय. ती लेकरं मातीवर हायती. हितनं समदं दिसतंय मला. आदी ती काडा. बोट सोड."

त्याने दोर सोडला. एवढंच नाही, बोट ढकलायला तो स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरला. नोकरीत मी पुष्कळ ऑर्डर्स ऐकल्या, पण अशी ऐकली नाही.

मल्लूने पहिल्या फेरीत बाया आणि मुलं आणली. नवरे मागे राहिले म्हणून बाया रडत होत्या. पुढच्या फेरीत त्यांनाही आणतोय, असं त्याने एकेकीला सांगितलं. फेऱ्या चालू राहिल्या. शेवटच्या फेरीला एक लाईफ जॅकेट कमी पडलं. ढिगाऱ्यावर दिवस भरत आलेली एक बाई आणि तिचा नवरा राहिले होते. ती नवऱ्याला सोडून आधी यायला तयार नव्हती. मल्लूने तिला आपलं जॅकेट घातलं. मी काठावरून दुर्बिणीत पाहत होतो.

मी वायरलेसचा सेट उचलला. "बोट वन, जॅकेट घाल. ओव्हर."

"साब, एक कमी आहे. निघतोय. ओव्हर."

बोट निघाली आणि लगेच थांबली. पाण्याखाली बुडालेल्या कुंपणाची तार मोटरच्या पंख्यात अडकली होती. मागून ढिगारा ढासळायला लागला होता. मल्लू मागच्या बाजूने पाण्यात उतरला आणि एका हाताने बोट धरून दुसऱ्या हाताने तार सोडवली. मोटर सुरू झाली. बोटीतल्या दुसऱ्या जवानाने, सॅपरने, त्याला वर घ्यायला हात दिला, त्याच वेळी ढिगारा एकदम पाण्यात आला. लाटेने बोट पुढे फेकली गेली. मल्लू मागे राहिला. त्याचं डोकं एकदा दिसलं. मग नाही.

सॅपरने त्या माणसांना काठावर आणलं. मॅडम स्वतः बोट घेऊन शोधायला गेल्या. उजेड असेपर्यंत शोधलं. त्याच दरम्यान त्याच बोटीने गच्चीवरचं कुटुंबही आणलं. सगळी सुखरूप होती. हिराबाई उतरली आणि पहिल्यांदा त्या गरोदर बाईजवळ गेली. गावच्या शाळेत मजुरांची सोय बाहेरच्या शेडमध्ये करायचं कोणीतरी म्हणालं. तिचा मुलगा म्हणाला, आत जागा आहे. तो विषय तिथंच संपला.

मल्लू दुसऱ्या दिवशी सापडला, बऱ्याच खाली, बाभळीत.

मैंदर्गीला त्याला घेऊन गेलो. पुढच्या गाडीत त्याच्याबरोबर मी, मागे मॅडमची गाडी, आणि त्यामागे एक टेम्पो. टेम्पोत झारखंडचे, नेपाळचे आणि त्या गावचे लोक एकत्र बसून आले होते. गार्डने सलामी दिली. मल्लूची आई दारात बसून होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

आधी तीच बोलली. कन्नडमध्ये, हळू. "एल्लारू बंद्रेनु?" पाण्यातून सगळे आले का, असं ती विचारत होती. कोण होते, कुठले होते, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही.

"बंद्रु, अव्वा," मी म्हणालो. "एल्लारू बंद्रु."

तिने मान हलवली. मग त्याच्या अंगावरचा तिरंगा एका कोपऱ्यात दुमडला होता, तो हाताने सरळ केला.